बुडण्यासाठी बांधलेलं जहाज

मंडळी, नरखेड तालुक्यात युद्धनौकेवर व्याख्यान ठेवलं म्हणजे लोक आधी हसतात. साहजिक आहे. इथून जवळपास कुठेही समुद्र नाही. आपल्याकडे संत्री आहेत, वर्धा नदी आहे, गावोगाव शेततळी आहेत. पण मी ज्या जहाजांबद्दल सांगणार आहे त्यांना समुद्र लागतच नाही. गुडघाभर ते कंबरभर पाणी पुरतं.

आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेतली मुलं जहाजांची मॉडेलं करतात, अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्यांची स्पर्धाही असते. तिथे मॉडेल सुबक असावं, पाण्यात नीट चालावं, एवढी अपेक्षा. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही छांदिष्ट मंडळी यापुढे गेली. रेडिओवर चालणारी दोन मॉडेलं एकमेकांवर खरोखरचे छर्रे झाडतील आणि एक बुडेल, असा खेळ त्यांनी उभा केला. तेव्हा जहाज बांधतानाच ते बुडू शकेल असं बांधावं लागतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

उदाहरणाला आपलंच जहाज घेऊ. पहिली ‘आयएनएस दिल्ली’. मूळची ‘अकिलीस’ नावाची क्रूझर. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मनांच्या ‘ग्राफ स्पे’शी लढलेली. १९४८ मध्ये ती भारताकडे आली. लांबी सुमारे १६९ मीटर. या खेळातलं रूढ प्रमाण १ ला १४४. म्हणजे खऱ्या जहाजाचे बारा फूट, मॉडेलचा एक इंच. त्या हिशेबाने आपली ‘दिल्ली’ होते ११७ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम १२ सेंटीमीटर रुंद.

आता वजन. पूर्ण भारासह खरं जहाज साधारण ९,७०० टन. मुलांना विचारलं की ती पटकन १४४ ने भागतात आणि ६७ टन सांगतात! सव्वा मीटरचं खेळणं ६७ टनांचं कसं असेल? लांबी, रुंदी, उंची तिन्ही आकसतात, म्हणून १४४ ने तीनदा भागायचं. उत्तर येतं सव्वातीन किलो. एवढ्यातच सांगाडा, बॅटरी, मोटर, गॅसची बाटली, तोफा, पंप सगळं बसवायचं. जास्त भरलं तर जहाज खोल बसतं. वरच्या बाजूला भरलं तर पहिल्याच वळणाला आडवं होतं. म्हणून बॅटरी कायम तळाशी, आणि डेकवरचे मनोरे होतील तितके हलके.

सांगाडा म्हणजे एक कणा आणि त्यावर बरगड्या. बरगड्या किती जाड आणि किती अंतरावर, हे नियमाने ठरलेलं असतं. नाहीतर माणूस बरगड्यांचीच भिंत उभारेल. त्यावर बालसा लाकडाचा पापुद्रा, जाडी इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे ०.८ मिलिमीटर. वरून पातळ कागद आणि रंग. छर्रा लागला की स्वच्छ गोल भोक पडलं पाहिजे. मला या खेळातलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच वाटतं. शत्रूला तुमचं जहाज फोडता यावं म्हणून तुम्ही स्वतःच काळजीपूर्वक पातळ साल चिकटवता.

तोफ दिसायला सोपी, करायला किचकट. कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली, दाब कमी करणारा रेग्युलेटर, आणि सर्व्होने उघडणारी झडप. नळीत एक रबरी रिंग असते, ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा तिच्यामागे अडकून बसतो. झडप क्षणभर उघडली की गॅसचा धक्का त्याला रिंगमधून बाहेर ढकलतो. रिंग सैल असेल तर छर्रा नुसता गळून पडतो; घट्ट असेल तर गॅस वाया आणि तोफ गप्प.

खरी लढाई मात्र पाण्याशी असते. पाण्याखाली २ सेंटीमीटरवर ४.५ मिलिमीटरचं भोक पडलं, तर आत येणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे ६० सेंटीमीटर. एका भोकातून मिनिटाला साधारण एक तृतीयांश लिटर. फार नाही वाटत ना? दहा भोकं पाडा: मिनिटाला साडेतीन लिटर. आपल्या ‘दिल्ली’ला बुडायला तीन-साडेतीन लिटर जादा पाणी पुरे. म्हणजे पंप नसेल तर खेळ मिनिटभराचा. शिवाय जहाज खाली जातं तशी भोकं अधिक खोल जातात, धार वाढते, आणि आधी पाण्याच्या वर असलेली भोकंही पाण्यात येतात. म्हणूनच गुण देताना पाण्यावरच्या भोकाला १०, पाण्याच्या रेषेवरच्या भोकाला २५ आणि खालच्याला ५०, अशी पद्धत पडली.

आत आलेलं पाणी स्थिर राहत नाही, हा दुसरा घात. परातीत पाणी घेऊन चाला, कळेल. जहाज कलतं, पाणी त्याच बाजूला धावतं, कल आणखी वाढतो. म्हणून आतल्या दोन्ही कडा भरून काढतात आणि मधोमध अरुंद पाट ठेवतात. पाणी पाटातून पंपाकडे येतं. पंप कितीही मोठा लावून चालत नाही, बाहेर जाणाऱ्या भोकाचं माप बांधलेलं असतं, इंचाचा आठवा भाग. आणि प्रत्येक वर्गाच्या जहाजाला ठरावीक ‘युनिटं’ मिळतात, ती तोफांवर खर्चायची की पंपावर, हे तुम्ही ठरवायचं. छोट्या क्रूझरवाल्याचा जीव इथेच खालीवर होतो. माझं मत विचाराल तर नवख्याने तोफ कमी ठेवावी, पंप चांगला ठेवावा.

रेडिओ हल्ली २.४ गिगाहर्ट्झचा असतो. या लहरी पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत, म्हणून अँटेना डेकच्या वर घ्यायची.

आता इथल्या पालकांसाठी. पोलादी छर्रा डोळा घेऊ शकतो. काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला संरक्षक चष्मा, बघ्यांनाही. शाळेत करायचं असेल तर तोफ वगळा; सांगाडा, पंप आणि मुद्दाम पाडलेली भोकं एवढ्यात सगळं विज्ञान येतं. आणि चाचणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात अजिबात नको. ते प्लास्टिक इतकं निसरडं असतं की आत घसरलेला पोहणाराही वर येऊ शकत नाही. नदीबद्दल तर ३० जुलै १९९१ चा पूर पाहिलेल्या मोवाडच्या माणसाला मी काय सांगावं! सिमेंटचं उथळ टाकं घ्या, जवळ मोठं माणूस ठेवा.

एका मुलीने मघाशी विचारलं, बुडालेलं जहाज पुन्हा चालतं का? चालतं. आत दोरीला बांधलेला छोटा तरंगता ठोकळा असतो. जहाज तळाला गेलं की तो वर येतो आणि जागा दाखवतो. दोरी धरून हळू ओढायचं, कारण आत भरलेलं पाणी वजनदार असतं आणि झटका दिला तर साल फाटते. मग बॅटरी आधी काढायची, पाणी ओतून द्यायचं, मोटर आणि रिसीव्हर सुकवायचे, भोकांवर पातळ कागदाची ठिगळं लावायची. फारच चाळण झाली असेल तर त्या बाजूची सगळी साल सोलून नवी चढवायची.