झेब्र्यांना वाट कुणी सांगितली?

बोत्सवानातील मकगाडीकगाडी राष्ट्रीय उद्यानात जायचे तर आधी ऋतू ठरवावा, मग तिकीट काढावे. मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. तेव्हा मिठाच्या पांढऱ्या मैदानावर जनावर क्वचितच दिसते. कळप पश्चिमेला, बोटेती नदीकाठी असतात. पाऊस झाला की ते पूर्वेकडच्या कोवळ्या गवतावर येतात. नेमकी तेव्हाच जीप रुतते, कारण वरचा कडक पापुद्रा फसवा, खाली नुसता चिखल!

इथे एकेकाळी विशाल सरोवर होते. भूकवच हलले, नद्यांच्या वाटा बदलल्या, हवा कोरडी झाली आणि सरोवर आटले. आजही इथे आलेले पाणी पुढे कुठे वाहून जात नाही. त्याची वाफ होते, क्षार तेवढे उरतात. नाता नदीचे पाणी सुआ भागात साचले, की त्या खारट पाण्यात सूक्ष्म जीव माजतात आणि फ्लेमिंगो हजारोंनी उतरतात. ठाण्याच्या खाडीत दिसणाऱ्या दोन्ही जाती इथे आहेत. इथे त्या वीणही घालतात.

मला मात्र झेब्र्यांचे नवल जास्त वाटते. गुरांमधली लाळ्या-खुरकूत रोखण्यासाठी १९६८मध्ये घातलेल्या कुंपणाने ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश ते मकगाडीकगाडी ही त्यांची वाट तुटली. ते कुंपण २००४मध्ये काढले. काही वर्षांतच, गळ्यात उपग्रह-पट्टे बांधलेले झेब्रे त्याच दिशेने निघालेले संशोधकांना दिसले. जाऊन-येऊन ५०० किलोमीटरहून अधिक! जुनी वाट चाललेला एकही झेब्रा तोवर जिवंत असणे शक्य नव्हते. म्हणजे आईने पिल्लाला वाट दाखवली, हे उत्तर इथे बाद. पुढच्या अभ्यासात त्यांच्या हालचालींचा मेळ पाऊस आणि गवताच्या हिरवेपणाशी लागला. कुठे पाऊस पडला याचा सुगावा घेत ते वाट काढत असावेत.

एवढ्यावर कोडे सुटले असे वाटते, तोच शेजारच्या नक्साई पॅनचे झेब्रे ते पुन्हा घालतात. चोबे नदीपासून तिथवर ते सरळ दक्षिणेला येतात, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून जगाला कळले. जाऊन-येऊन अंतर पुन्हा ५०० किलोमीटर. वाटेत, जवळच, चांगली कुरणे आहेत. ती सोडून ते पुढे जातात.