बटणाच्या आज्ञेंतील दिवा

गेल्या गणेशचतुर्थीपूर्वीं शिवाजी पेठेंतील आमच्या घरीं नातवानें हट्ट धरला कीं, आराशींतील लहान दिवा रेडिओच्या आवाजाप्रमाणें बटण पिळून मंद अगर प्रखर व्हावा. त्यासाठीं त्यानें 'आर्डुइनो उनो' हा तळहातावर मावणारा फलक, एक एलईडी व १० हजार ओहमांचा पोटेन्शिओमीटर आणला. आर्डुइनो हा इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं निघाला.

जुन्या पंख्याचा रेग्युलेटर आपणांस आठवत असेल. तो प्रवाह अडवी व स्वतः तापे. या बटणांतून दिव्याचा प्रवाह मुळीं जातच नाहीं. त्याच्या कडेच्या एका पायास ५ व्होल्ट, दुसऱ्यास शून्य. आंत कमानदार रोधपट्टीवरून सरकणारी टोंचणी मधल्या पायास जोडलेली. बटण फिरवावें तसा मधल्या पायावर शून्यापासून ५ व्होल्टांपर्यंत विद्युद्दाब मिळतो. फलकावरील मायक्रोकंट्रोलर तो मोजून ० ते १०२३ मधील आंकडा करतो. निम्म्या वळणावर सुमारें ५१२. बटण केवळ आंकडा सांगतें, एवढें ध्यानांत आलें म्हणजे अर्धें कोडें सुटलें.

उरलेलें अर्धें अधिक मौजेचें आहे. फलकाच्या पिनेला अडीच व्होल्ट देतां येत नाहींत. एक तर ५, नाहीं तर शून्य. मग मंद प्रकाश कोठून? ती सेकंदाला सुमारें ४९० वेळां दिवा लावते व विझवते. तिला २५५ पैकीं ६४ हा आंकडा दिला, तर दर खेपेस दिवा पाव काळच जळतो आणि डोळ्यांस मंद भासतो. खरें वाटत नसेल, तर अंधारांत तो दिवा झपकन् हलवून पाहावा. अखंड रेषेऐवजीं तुटक ठिपके दिसतात.

येथेंच आमची फजिती झाली. ३ क्रमांकाच्या पिनेला बटणाचा आंकडा तसाच दिला. बटण एकदां शेवटपर्यंत पिळलें, तों दिवा चार वेळां उजळला आणि मधेंमधें एकदम विझला! नातू तारा तपासत बसला. मीं नवा पोटेन्शिओमीटर आणावयास सांगितलें. माझें चुकलें. चूक गणिताची होती: २५५ च्या पुढें तेथील मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होते. आंकड्यास ४ नें भागतांच दिवा वळणावर आला.

उत्साहाच्या भरांत नातवानें देवघरांतील दिव्याची तार हातीं घेतली. ती मीं काढून घेतली. फलकाची पिन २० मिलिअँपिअरच्या आंतच वापरावयाची असते. एलईडीला देखील २२० ओहमांचा रोध जोडावाच लागतो. तिची घरच्या २३० व्होल्टांशीं गांठ घातली, तर फलक जळेल आणि मुलाच्या जिवावर बेतेल. आराशींत अखेर ५ व्होल्टांचाच दिवा लागला, आणि बटण दिवसभर शेजारच्या पोरांच्या हातीं राहिलें.