सहा ते आठ

पहाटे साडेपाचला मिरकरवाड्याच्या जेट्टीवर पोचतो, तेव्हा रात्री गेलेल्या बोटी एकेक करून लागत असतात. बर्फाची गाडी, टोपल्या, लिलावाची हाकाटी, आणि या सगळ्याच्या कडेला मी, रंगाचा डबा घेऊन. बोटींच्या नाळीवर नावं लिहिणं हा माझा धंदा. दोर घासून घासून नावातलं एखादं अक्षर उडतं, ते पुन्हा उठवायचं. ओहोटीला बोट खाली बसली की धक्क्यावरून हात पोचत नाही, म्हणून आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवतो. मोठी कामं जून-जुलैत येतात. मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. एरवी असली डागडुजीच. घर मात्र यावरच चालतं.

हे काम ऑइलपेंटचं, आणि त्याला थिनर लागतं. काम संपलं की थिनरची बाटली तिथल्याच एका तांडेलांच्या खोलीत ठेवतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात घालतो. ती बाटली घरी आणत नाही. माझ्या पडवीत संध्याकाळी व्यसन सोडलेली जी मुलं येतात, त्यांतल्या एकाची सुरुवात रुमालावरच्या थिनरने झाली होती. हे मला कळलं तेव्हा तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता आणि उघडी बाटली आमच्या दोघांच्या मध्ये होती. त्या दिवसापासून पडवीत फक्त पाण्यातले रंग.

साडेआठला परत निघतो तो मारुती मंदिराच्या बाजूने. शिवाजी स्टेडियमवर सकाळचा सराव संपत आलेला असतो. तिथल्या पोरांना आता माहीत झालंय. फुटलेली, चिरलेली, मूठ हललेली बॅट कुणी टाकत नाही, माझ्यासाठी बाजूला काढतात. कधी एखादा कॅरमबोर्ड मिळतो. रत्नागिरीत कॅरमचं वेड जुनं. पाण्याने फुगलेला बोर्ड खेळायला निकामी, पण रंगवायला एकोणतीस इंचांचं सपाट लाकूड हातात येतं. आज एक बॅट मिळाली, काश्मीर विलोची. तिच्या कडेला कुणीतरी बॉलपेनने बारीक अक्षरांत धावा लिहिल्यात: २३, ४, ४१, ०, १७. मी त्या पुसणार नाही.

नऊ ते एक पडवीत. जुन्या बॅटीने वर्षानुवर्षं जवसाचं तेल प्यायलेलं असतं आणि तेलावर रंग धरत नाही. म्हणून आधी पॉलिश पेपर: ऐंशी नंबरचा, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. लाकडाची लव मोडली, हात फिरवल्यावर बोटाला काही लागेनासं झालं की ओल्या फडक्याने भुकटी टिपायची, दिवसभर वाळू द्यायचं, मग प्रायमरचे दोन पातळ हात. जाड हात दिला तर पोपडा धरतो. हे सगळं फक्त मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही उतारांवर. पुढच्या बाजूला मी ब्रश लावत नाही. तिथे चेंडूचे लाल ठसे असतात, कुठे मधोमध, बरेचसे कडेला. बॅट विकत घेणाऱ्याने ती उलटी करून ते ठसे पाहावेत, असं मला वाटतं.

कण्यावर काय रंगवायचं, हा प्रश्न सुरुवातीला अवघड वाटला होता. खेळाडूंचे चेहरे काढून पाहिले, ते पोस्टरसारखे दिसायला लागले. मग सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. गोल पत्त्यावर एवढ्याशा जागेत अख्खा अवतार बसवतात आणि कडेने रंगाची पट्टी फिरवतात. खेळाचं साहित्य रंगवून त्याची जपणूक करायची, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, आपल्याच खालच्या कोकणातली आहे. तेव्हापासून बॅटीवर गोल काढतो आणि प्रत्येक गोलात इथलीच एखादी वस्तू: होडी, आंब्याचा मोहोर, थिबा राजवाड्याची खिडकी, रत्नदुर्गाचा दीपस्तंभ. बाहेरून एक पट्टी, न थांबता एका दमात ओढलेली.

नावाजलेल्या खेळाडूची वस्तू असली तर लिलावाला चित्र लागत नाही. २०११ चा विश्वचषक धोनीने ज्या बॅटीने जिंकून दिला, ती त्याच वर्षी लंडनमधल्या लिलावात एक लाख पौंडांना गेली, आणि ते पैसे मदतीलाच गेले. शेन वॉर्नची कसोटीची टोपी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेली. आमच्या बॅटीच्या मालकाला त्याच्या वाडीबाहेर कुणी ओळखत नाही. म्हणून मी रंग देतो. बॅट विकून जे पैसे येतात ते एका मुलाचं पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, आणि परत आल्यावर दर महिन्याच्या फेऱ्या यांवर खर्च होतात. उपचाराचं लोकांना समजतं. भाड्यावाचून फेरी चुकते आणि चुकलेल्या फेरीतून घसरण सुरू होते, हे कुणी धरत नाही.

दुपारी जेवून अर्धा तास आडवा होतो. मग टपाल, एखादा फोन.

तीनच्या सुमारास एका आईकडे जातो. मुलगा पुण्याहून येऊन दोन महिने झालेत. ती मला चहा देते आणि दारात उभी राहून हळू आवाजात विचारते, "काका, आता याला पैसे द्यायचे का हातात?" मी डॉक्टर नाही. तिला एवढंच सांगतो की हे त्याच्यासमोर विचारा, केंद्रात फोन करून विचारा, माझ्या एकट्याच्या सांगण्यावर चालू नका. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत पहिली लपवाछपवी आईच करते, मायेपोटी. इथे शरमही फार आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्द्यापासून केळशीपर्यंत, चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा सगळा जिल्हा महिनाभर त्यावर बोलत होता. घरातल्या पाकिटावर मात्र कुणी बोलत नाही.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते उघड बोलल्यामुळेच. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला, डॉ. अनिता अवचट ज्या मनोरुग्णालयात काम करत होत्या त्याच्याच आवारात, केंद्र सुरू झालं. मी यातून एक गोष्ट घेतली. अवचट स्वतः लाकूड कोरायचे, कागदाच्या घड्या घालायचे, बासरी वाजवायचे. व्यसन सुटलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी लागतं, हे त्यांच्याकडे पाहून मला पटलं.

साडेपाचला पडवी झाडतो, चटया टाकतो, पाण्याचे डबे भरतो.

सहा ते आठ. माझ्या दिवसातलं खरं काम हे. दारू असो, गांजा असो, तलफ बहुतेकांना ठरल्या वेळी येते. सूर्य मांडवीकडे कलला, कामावरची माणसं सुटली, कट्ट्यावर जुने मित्र जमले की अंग आपोआप उठतं. सकाळी ठाम असलेला मुलगा साडेसहाला हातपाय हलवत बसलेला मी पाहिलाय. त्या दोन तासांत त्याच्या हातात पॉलिश पेपर असला आणि शेजारी आणखी तिघे असले, तर वेळ निघून जाते.

सध्या चौघे येतात. त्यांतला एक विशीतला, खलाशी. पहिल्या आठवड्यात त्याच्या हाताला एवढा कंप होता की ब्रशचं टोक कागदावर ठरत नव्हतं. त्याला फक्त घासायला दिलं. आज दीड महिन्याने त्याने पट्टी ओढली. श्वास रोखून, कोपर गुडघ्यावर टेकवून, मुठीखालून सुरुवात करून खालच्या टोकापर्यंत. मध्ये एका ठिकाणी रेघ केसभर जाड झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे. पुढे चल." तो पुढे गेला आणि रेघ जिथून निघाली होती तिथे नेऊन मिळवली. मग बराच वेळ ब्रश धूत बसला, पाणी स्वच्छ झालं तरी.

या दोन तासांची किंमत मला एका चुकीतून कळली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोठं काम आलं, बोटींच्या नावांचं. मी तीन संध्याकाळ पडवी बंद ठेवली. मनात म्हटलं, तीन दिवसांनी काय होतंय. तिसऱ्या रात्री आमच्यातला एक मुलगा पिऊन घरी गेला. तो पुन्हा उभा राहिला, आता एका गॅरेजमध्ये कामाला आहे, भेटला की हसतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. पण त्या तीन संध्याकाळी मी कुठे होतो, हे मला विसरता येत नाही. तेव्हापासून कुणाचंही काम असो, सहाला मी पडवीत असतो. लग्नालाही जात नाही.

आठला मुलं उठतात. एकाला घराकडे जाताना जुना कट्टा लागतो, म्हणून तो दुसऱ्याबरोबर लांबच्या वाटेने जातो. हे त्यांनीच ठरवलं.

नऊला जेवण. मग रंगवलेल्या दोन बॅटींना पाण्यातल्या व्हार्निशचा एक हात. सध्या माघ आहे, हवा कोरडी, सकाळपर्यंत वाळेल. पावसात हेच व्हार्निश आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर दुधाळ पांढरं येतं.

दहाला फोन उशाशी. मुलांच्या घरच्यांशी ठरलेलं आहे: मुलगा जेवून अंथरुणावर पडला की एक मिस्ड कॉल. उचलायचा नाही, बोलायचं नाही. दहा-पाचला पहिला वाजला. दहा-बाराला दोन, पाठोपाठ. चौथा खलाशी मुलाच्या घरचा, तो येत नव्हता. साडेदहा झाले. मी उठून पडवीत जाऊन त्याने ओढलेली पट्टी दिव्याखाली पाहिली, ती वाळली होती. दहा-चाळीसला फोन एकदा वाजला आणि बंद झाला.