धनुष्य पाहावे कसे?

द्वितीय वर्ष, कला

‘धनुष्य’ म्हटले की आपल्याला चटकन सीतास्वयंवर आठवते. शिवधनुष्य कोणी मोडले, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ते घडविले कोणी, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. वाल्मीकिरामायणात याचे उत्तर आहे : विश्वकर्म्याने. विश्वकर्मा हे आम्हा सुतारांचे दैवत. तेव्हा हे उत्तर वाचून मला आनंद झाला, हे लपवीत नाही. बाण मारणाऱ्यांच्या कथा साऱ्या जगात आहेत, धनुष्य करणाऱ्यांच्या फार थोड्या. प्रस्तुत लेखात मी इंग्लंडमधील ‘लाँगबो’ या धनुष्याविषयी लिहिणार आहे. ते तेथे आजही हाताने आणि एकेका माणसाच्या मापाने घडविले जाते. ते पाहावे कसे हे एकदा कळले, म्हणजे दिसायला साध्या काठीत किती विचार असतो ते उमगते.

इतिहासाच्या तासाला आपण क्रेसीची (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्टची (१४१५) लढाई शिकतो. इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडविली, एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु त्या तिरंदाजांच्या मागे केवढी खटपट होती ! १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने सुटीच्या दिवशी प्रजेने धनुर्विद्येचा सराव करावा असे फर्मान काढले. पुढे १४७२ मध्ये तर असा कायदा झाला की, धनुष्याचे लाकूड जेथून येते त्या मुलखातून इंग्लंडच्या बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजाने दर टन मालामागे धनुष्याची चार लाकडे आणलीच पाहिजेत. एका राज्याचे संरक्षण अशा रीतीने एका झाडावर येऊन टेकले होते.

हे झाड म्हणजे ‘यू’. ते सूचिपर्णी आहे, फार हळू वाढते आणि विषारीही असते. इंग्लंडात ते चर्चच्या आवारात हमखास दिसते. त्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात आहे. गढवाल-कुमाऊँकडे त्याला ‘थुनेर’ म्हणतात. याच कुळातील झाडांपासून कर्करोगावरचे एक औषध मिळाले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

धनुष्याला यूच का लागते, हे समजण्यासाठी एक ओला फोक हातात घेऊन वाकवावा. बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वाकलेल्या प्रत्येक वस्तूत हे दोन विरुद्ध व्यवहार एकाच वेळी चालतात. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते तिला पाठ म्हणतात, ती ताण सोसते. धनुर्धाऱ्याकडे असते ते पोट, ते दाब सोसते. बहुतेक लाकडे ताण बऱ्यापैकी सोसतात, पण दाबाखाली लवकर हार खातात. यूच्या खोडात सालीलगतचे लाकूड पांढुरके असते आणि ते ताणाला पक्के असते. आतला तांबूस गाभा दाबाला तितकाच पक्का. म्हणून कारागीर या दोहोंच्या सीमेवरून लाकूड काढतो, पांढरा थर पाठीला ठेवतो आणि गाभा पोटाला. दोन गुणांची दोन लाकडे निसर्गानेच सरस न लावता जोडून ठेवलेली असतात. चांगले यू मिळत नाही तेव्हा हिकरीसारख्या चिवट लाकडाची पट्टी पाठीला चिकटवून हेच काम साधतात.

तोडलेले लाकूड काही वर्षे सावलीत वाळवतात. मग कुऱ्हाडीने, पुढे दोन मुठींच्या सुरीने आणि कानशीने ते तासत जातात. यू सरळ असतेच असे नाही. त्यात बाक असतात, बारीक गाठी असतात. यंत्र सरळ रेषेत कापते आणि वाटेत येतील ते रेषे तोडून टाकते. हाताने काम करणारा मात्र रेषांच्या मागे जातो. लाकूड वळले तर तोही वळतो. माझे वडील पूर्वी नांगर-वखर करीत, हल्ली दारे-खिडक्या करतात. ते चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. त्यांना मी मोबाइलवर एका इंग्रज धनुष्यकाराची चित्रफीत दाखविली. त्यातले बोलणे त्यांना कळण्यासारखे नव्हते. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, “बघ, गाठीपाशी लाकूड राखलं त्यानं. सरसकट तासलं असतं तर तिथंच मोडलं असतं.” तोच मुद्दा एका इंग्रजी पुस्तकात शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला मला अर्धी दुपार लागली होती.

यानंतरचे काम सर्वांत अवघड. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर मधोमध आडवे बसवितात, दोरीला कप्पी लावून दुरून हळूहळू ओढतात, आणि कारागीर मागे सरून नुसता पाहत राहतो. दोन्ही बाहू सारखे वाकतात का? एखाद्या ठिकाणी बिजागरीसारखा कोन पडतो का? एखादा भाग ताठ राहतो का? जेथे ताठ तेथे चार हात कानस फिरवायची, पुन्हा ओढायचे, पुन्हा पाहायचे. जेथे लाकूड जास्त वाकते ती जागा कमजोर. तिला मुळीच हात लावायचा नाही, उलट बाकीचे लाकूड कमी करून तिच्या बरोबरीला आणायचे. येथेच खरी मेख आहे. समजा, गिऱ्हाइकाने २८ इंच ओढल्यावर ५० पौंड (सुमारे २३ किलो) जोर लागेल असे धनुष्य मागितले. एक कमजोर जागा सावरण्यासाठी सगळीकडून लाकूड काढावे लागले, तर वळण सुरेख येईल पण जोर ४० पौंडांवर उतरेल. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. पूर्ण ओढलेले धनुष्य नऊ-दशांश मोडलेलेच असते, अशी या धंद्यातली म्हणच आहे.

मापाचे म्हणाल तर, उंच माणसाचे हात लांब, त्याची ओढही लांब. त्याने आखूड धनुष्य घेतले तर शेवटच्या दोन-तीन इंचांत जोर एकाएकी वाढतो, हात थरथरतो आणि धनुष्यही धोक्यात येते. म्हणून धनुष्यकार आधी गिऱ्हाइकाची ओढ मोजतो, मग त्याला किती जोर झेपतो ते पाहतो आणि त्यावरून धनुष्याची लांबी ठरवितो. कारखान्यात बनणारी काचतंतूंची धनुष्ये स्वस्त असतात, एकासारखी एक असतात आणि नवशिक्याला तीच बरी. ऑलिंपिकमधील धनुष्याला तर नेम धरण्याचे साधन आणि तोल सांभाळणारे दांडेही असतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांच्याकडे पाहून ती कोणासाठी केली आहेत हे सांगता येत नाही.

आता पाहावे काय? प्रथम, वॉर्निशच्या चकाकीवर जाऊ नये. धनुष्य पूर्ण ओढलेले असताना बाजूने पाहावे. वळण मुठीपासून टोकापर्यंत कोठेही न अडखळता गेले पाहिजे. मग पाठीवरून बोट फिरवावे. पाठीचे रेषे अखंड हवेत. गाठीपाशी छोटा उंचवटा लागला तर तो दोष समजू नये. तेथे कारागिराने लाकूड राखले आहे. टोके हलकी असावीत, कारण जड टोके हलविण्यातच बाणाला मिळायचा जोर खर्च होतो. टोकांना शिंगाच्या टोप्या असतात, त्यांत दोरीची खाच असते. शेवटी दोरी उतरवून पाहावे. लाकडाचे धनुष्य थोडेसे वाकलेले राहतेच. फारच वाकून राहिले असेल तर पोटाचे लाकूड दाबाखाली चेपले आहे असे समजावे.

या कलेचा सर्वांत मोठा पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला. आठव्या हेन्री राजाचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्‌समथजवळ बुडाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. गाळात रुतल्यामुळे त्यातली १७२ धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण टिकून राहिले. बहुतेक धनुष्ये माणसाच्या उंचीहून लांब आहेत. त्यांचा जोर १०० पौंडांपासून १८० च्या आसपासपर्यंत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिंगाच्या टोप्या कुजून गेल्या, तरी टोकांच्या वेगळ्या रंगावरून त्या कोठे बसविल्या होत्या ते कळते. काही धनुष्यांवर कोरलेल्या बारीक खुणा आहेत. करणाऱ्यांची तेवढीच काय ती सही !

योगायोग असा की, त्याच १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम या केंब्रिजच्या विद्वानाने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहावे असा तो काळ; याने तो इंग्रजीत लिहिला. हाच अ‍ॅस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. ग्रंथात दोघांचा संवाद आहे. एक धनुष्याचा प्रेमी, दुसरा विद्येचा. कॉलेजात आल्यापासून मला अनेकांनी सांगितले की, आता रंधा सुटला, सुटलास बाबा. अ‍ॅस्कमच्या पुस्तकात मात्र विद्याप्रेमी माणूस बसून विचारतो की, चांगले धनुष्य ओळखावे कसे, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. मला हे दोघे एकाच घरातले वाटले.

सातपुड्यातील भिल्लांचा बांबूचा कामठा या इंग्रजी धनुष्याहून अगदी निराळा आहे. त्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्याच चिपेची असते. पण बांबूतही बाहेरच्या सालीलगत चिवट तंतू दाट असतात आणि आत विरळ होत जातात; म्हणजे लाकूड वाचण्याचे काम येथेही सुटत नाही. या करणाऱ्यांकडे बसून कोणी लिहून घेईल तर आपल्या मासिकाला पुढच्या वर्षी याहून चांगला लेख मिळेल.

लाँगबो घरी असेल त्याने एवढे पाळावे. काम झाले की दोरी उतरवावी. धनुष्य उन्हात किंवा भिंतीला तिरके टेकून ठेवू नये, आडवे ठेवावे. त्याला मेण चोळीत जावे. आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नये. बाणाबरोबर जायचा जोर मग धनुष्यातच परत शिरतो आणि कित्येक दिवसांच्या मेहनतीचे दोन तुकडे होतात.