राज्यसभेचा खासदार आपला कसा?

गटाच्या बैठकीत आम्हाला बायका हमखास विचारतात, "राज्यसभेच्या खासदाराला आपण मत दिलंच नाही, मग तो आपला कसा?" आपण मत देतो आमदाराला, आणि राज्यातले 288 आमदार मिळून त्याला निवडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला 19 जागा, मुदत सहा वर्षं. कोल्हापूरचे धनंजय महाडिक 2022 साली असेच निवडून गेले. त्याआधी संभाजीराजे छत्रपती होते, ते राष्ट्रपतींच्या नेमणुकीने.

पैशाच्या विधेयकावर या सभेला चौदाच दिवस मिळतात. बाकीचे कायदे तिच्यापुढेही यावेच लागतात. महिला आरक्षणाचं विधेयक 2010 साली इथंच मंजूर झालं, लोकसभेत मात्र अडलं. 2023 चा कायदा झाला, तो लोकसभा-विधानसभेपुरता. राज्यसभेत बायकांना राखीव जागा नाहीच, हे आम्हाला खटकतं.

आता कामाचं. लोकसभेच्या खासदाराचा निधी मुख्यतः त्याच्या मतदारसंघासाठी. राज्यसभेवर निवडून गेलेल्याला राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवता येतं. वर्षाला 5 कोटी असतात. पैसा गटाच्या खात्यात येत नाही, काम सार्वजनिक लागतं: पाण्याची टाकी, शाळेची खोली. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि अर्जाची पोच मागून घ्या.