समुपदेशक सल्ला देत नाही, मग करतो काय?

शहादा, तळोदा किंवा धडगावकडच्या बहुतेकांनी ‘समुपदेशन’ ही पाटी सरकारी दवाखान्यातल्या रक्ततपासणीच्या खोलीबाहेर पाहिलेली असते. एचआयव्हीची चाचणी, सिकलसेलची चाचणी, आणि मग टेबलापलीकडे बसून माहिती सांगणाऱ्या ताई. त्यामुळे समुपदेशक म्हणजे आजार समजावून सांगणारा, नाहीतर चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवणारा, असा समज होतो. बाकीचे बरेच गैरसमज याच्याच पोटातून निघतात.

सिकलसेलमध्ये माहिती लागतेच. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पण हे कळल्यावर जमलेल्या लग्नाचं काय करायचं? पहिल्या मुलाच्या दुखण्याचा दोष एकट्या सुनेवर टाकला जातोय, त्याचं काय? याची उत्तरं पत्रकात छापलेली नसतात. सल्ला द्यायला घरात आणि गावात माणसं भरपूर असतात. समुपदेशक प्रश्न विचारतो, आणि नेमके विचारतो. समजा, गप्प गप्प राहणारा एक मुलगा समोर आहे. “त्रास दहापैकी किती?” “सात.” “मग आठ का नाही?” मुलगा घुटमळतो आणि म्हणतो, “संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो, तेवढा वेळ बरं वाटतं.” त्याला तगवून धरणारी गोष्ट त्याच्याच तोंडून बाहेर आली. पुढचं काम तिथून सुरू होतं. एका भेटीत ते संपत नाही.

‘हे सगळं वेड लागलेल्यांसाठी’ हा समज तर आकडेच खोडून काढतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, समुपदेशक नाही. कधी दोघांचीही गरज पडते.

मुलांच्या बाबतीत मला जास्त थांबावंसं वाटतं. आश्रमशाळेतली मुलगी वारंवार पोट दुखतं, हातपाय दुखतात म्हणते, आणि ‘नाटक करते’ असा शेरा बसतो. आपल्या जिल्ह्यात आधी तिचं रक्त तपासायला हवं, कारण सिकलसेलच्या वेदना अशाच येतात आणि जीवघेण्या ठरू शकतात. तपासणीत काही निघालं नाही, तरी दुखणं खोटं ठरत नाही. मनावरचा ताण अंगात उतरतो, आणि ती कळ खरीच असते.

अशा मुलीशी समुपदेशक एकटीला घेऊन बोलतो. बाहेर आल्यावर वडील विचारतात, “काय म्हणाली?” पालकांना विश्वासात घ्यावंच लागतं, पण ती बोलली तो शब्दन्‌शब्द त्यांच्या हवाली करणं हे समुपदेशकाचं काम नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादा आहेत, आणि चांगला समुपदेशक त्या पहिल्याच भेटीत मुलीला सांगतो: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावून दिलेलं असलं, तरी या कायद्याचं संरक्षण संपत नाही. हे आधी न सांगता तिला बोलतं करणं म्हणजे तिचा विश्वासघात होय.

आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. सरळ आणि मायेने विचारल्याने आधीच तो विचार घेऊन बसलेल्या माणसाला बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या धाकाने घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात आणि उपचारांना उशीर करतात, त्यांच्यासाठी: या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. अशा व्यक्तीची काळजी आणि उपचार ही 2017 च्या कायद्याने सरकारची जबाबदारी आहे.

कुटुंबाला एकत्र बोलावलं की आईबापांना वाटतं, आता आपल्यावर खटला चालणार. समुपदेशक दोषी शोधत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेले आईवडील, आजीकडे राहिलेली लेकरं, वडिलांची वाढलेली दारू, धाकट्यांना सांभाळण्यासाठी शाळा सोडलेली थोरली. हे एकमेकांत कसं गुंतलंय, ते तो सगळ्यांच्या समोर मांडतो. पूजेत चढवलेली मोहाची धार आणि रोजचं व्यसन यांतला फरकही त्याला कळायला हवा. घरातली सगळी माणसं एकत्र भेटतात ती होळीच्या आसपास. दर आठवड्याची वेळ देण्याचा शहरी शिरस्ता इथे चालत नाही.

भगताकडे जाणाऱ्याला समुपदेशक हाकलून देतो, असंही नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर दुआ आणि दवा यांची सांगड घालण्याचा प्रयोग झाला आहे. पण भगताने एखाद्या बाईला डाकीण ठरवलं, तर तिथे तडजोड नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

भाषेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. दुःख पावरीत किंवा भिलीत असतं आणि समोरचा मराठीत विचारतो. अशा वेळी सोबत आलेल्या काकालाच दुभाषा बनवलं जातं. मुलीचा त्रास त्या काकामुळेच असेल तर? नात्यातला माणूस दुभाषा नको. आशाताई किंवा दवाखान्यातली तीच बोली बोलणारी परिचारिका चालेल, आणि गोपनीयतेचा नियम तिलाही लागू. दवाखान्यापर्यंत जाणं जमत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. त्याची चौकशी करताना कुणालाही कारण सांगावं लागत नाही.