शहापूरच्या तिजोरीत काय येतं, कुठे जातं

नागपूर-भंडारा महामार्गावरचं शहापूर जनगणनेच्या भाषेत ‘शहर’ आहे. किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किमीला 400 जणांची दाटी आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, हे त्यामागचे निकष. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच. गटारं, दिवे, कचरा या गरजा शहराच्या, आणि त्यासाठीचा पैसा गावाच्या चौकटीतला. खरी ओढाताण इथेच होते.

हक्काचा पैसा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. डिसेंबर 2015 पासून घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर ठरते. कोणाच्या घराची किती आकारणी झाली, हे नमुना 8 च्या रजिस्टरात दिसतं. आपली नोंद प्रत्येकाने एकदा तरी पाहावीच.

वसूल झालेलं सगळं मोकळं नसतं. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. वसुली थकली की हा वाटाही आटतो, आणि त्याची झळ आधी याच लोकांना बसते.

2021-26 या काळात उरलेली भिस्त केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीवर होती. राज्यात त्या ग्रामीण निधीचे 80 टक्के ग्रामपंचायतींना मिळत. त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, 40 टक्के बंधनमुक्त होते. वेतन किंवा आस्थापनेवर मात्र त्यातला रुपयाही खर्च करता येत नव्हता.

जमाखर्च ग्रामसभेत विचारता येतो.